सोमवारचा दम

आण्णा गेल्यावर पुढच्या रविवारी चाळीमागच्या मैदानात सभा झाली. चौघे बोलले. एक म्हणाला, असा दमाचा माणूस सोलापुरात पुन्हा होणार नाही. दुसरा म्हणाला, आण्णांचा दम शेवटपर्यंत तुटला नाही. तिसऱ्या-चौथ्याने तेच जरा वळवून सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. आण्णांचा लाडका गडी, बारा वर्षांचा सहवास, रामहरी दोन शब्द बोलतील. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, याला कढ आवरत नाही. कढ होताच, पण गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. आण्णांचा दम तुटला होता. कधी आणि कुठे ते मला माहीत होतं, आणि ते त्याच वेळी सांगणं हे माझं काम होतं. मी ते केलं नाही. हे कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली.

चनबसप्पा हे त्यांचं नाव, पण गिरणीत आणि पेठेत सगळे आण्णाच म्हणत. मूळचे वळसंगचे. लिंगायत घर, कोरडवाहू जमीन, तीन भाऊ. पावसाने लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली तेव्हा बापाने धाकट्याला सोलापूरच्या गिरणीत आणून सोडलं. वय असेल तेरा. खातं मिळालं कापूस पिंजायचं. ज्यांनी ते खातं पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे हवाच पांढरी असते. गासड्या फुटतात, यंत्रं कापूस ओरबाडतात, आणि त्याची बारीक लव दिवसभर तरंगत राहते. भिंतीवर, दिव्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. पाळी सुटली की त्या खात्यातली माणसं लांबूनही ओळखू यायची. तरणे गडीसुद्धा केस पिकल्यासारखे दिसायचे. खरोखर केस पिकलेला माणूस मात्र मी त्या खात्यात कधी पाहिला नाही, आणि याचा अर्थ काय ते मनात आणायचीही माझी तयारी नव्हती.

मी जेऊरहून आलो तो सोळाव्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी चाळीच्या नळावर माझं भांडण झालं आणि मी समोरच्याला मधे न थांबता शिव्या घालत सुटलो. तोंडाचा मी पहिल्यापासून तिखट. शिव्या संपल्या तेव्हा मागे एक पांढऱ्या भुवयांचा दणकट माणूस घागर खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने घागर खाली ठेवली, माझ्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे तळवा टेकवला आणि त्याच शिव्या पुन्हा द्यायला सांगितल्या. मी चिडून दिल्या. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "उसिर हाय." उसिर म्हणजे कानडीत श्वास. त्या दिवसापासून मी आण्णांचा झालो. हुतूतू खेळायला मला शिव्यांनी आणलं असं ते सगळ्यांना हसत सांगायचे, आणि मला त्याची लाज वाटायची तेवढी वाटून घेऊ द्यायचे.

गिरणीत मलाही कापसातच घेणार होते. आण्णा माझ्यासाठी जॉबरकडे, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाकडे, तीनदा गेले आणि मला मागावर लावून घेतलं. मला राग आला. आण्णांच्या खात्यात असतो तर दिवसभर त्यांच्याजवळ राहिलो असतो. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मला मैदानाच्या कडेला बसवलं आणि म्हणाले, "तुजा उसिर माज्या हवाली हाय, रामहरी. त्यो कापसाला न्हाय द्यायचा." मग स्वतः तुम्ही का देता, असं विचारल्यावर छातीवर थाप मारून सांगितलं की ही छाती लोणच्यासारखी मुरलेली आहे, हिला आता काही होत नाही. आमच्या संघातल्या एकूण सहा जणांना त्यांनी त्या खात्यापासून वाचवलं. स्वतः मात्र तिथून हलले नाहीत. ते काम त्यांच्या हाताला बसलं होतं, आणि दुसऱ्या खात्यात जाऊन नवशिक्यासारखं कुणाचं ऐकून घेणं त्यांना जमणारं नव्हतं.

पाळी सुटली की अंग न धुता ते थेट मैदानात यायचे. शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. भुवईवरची कापसाची लव चिमटीत घ्यायची, ती थुंकीने गड्याच्या वरच्या ओठावर चिकटवायची आणि हुतूतू म्हणायला लावायचं. दम सोडत राहिलं तर लव बाहेर थरथरायची. मधेच चोरून श्वास आत ओढला की ती नाकाकडे वळायची. दम चोरणं हे आण्णांच्या लेखी चोऱ्यांतलं सगळ्यात नीच काम. पुढे लव लागेनाशी झाली, आमचे कान तयार झाले. चोरलेल्या श्वासाला आवाज असतो. एका 'हुतूतू'तून दुसऱ्यात शिरताना दाराच्या फटीतून वारा यावा तसा तो बारीक ऐकू येतो. माझा कान सगळ्यांत पक्का निघाला, म्हणून माझा गुडघा गेल्यावर आण्णांनी मला पंच केलं. पंचाला डोळे नसले तरी चालतील, असं ते म्हणायचे, त्याला कान पाहिजेत आणि जीभ पाहिजे.

त्या जिभेचंच सांगायचं आहे. आता छापील नियमांचं पुस्तक आलंय आणि त्यात 'बाद' असा शब्द आहे. आमच्या वेळी गडी बाद होत नसे, मरत असे. पंचाने नाव घेऊन खणखणीत सांगायचं, अमका मेला. मेलेल्याने रेषेबाहेर जाऊन बसायचं. आपल्या बाजूने समोरचा एक मारला की त्याने उठायचं. एका संध्याकाळी आम्ही चार-चारदा मरायचो आणि उठायचो, कुणाला त्यात काही वाटत नसे. एकदा माझी आई, सारजाबाई, जेऊरहून आली होती. खेळ बघायला कौतुकाने उभी राहिली आणि पंच ओरडला, रामहरी मेला. ती कानांवर हात ठेवून चालती झाली. घरी आल्यावर तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि मला बजावलं की असलं बोलणं लागतं, जित्या माणसाला हा शब्द लावू नये, मोठ्या माणसाला तर नाहीच नाही. मी हसलो होतो. पण आईची काही बोलणी हसण्यावारी नेली तरी आत जाऊन बसतात.

आमच्याकडे एक रीत होती. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत मोठा सामना व्हायचा, आणि त्यातली पहिली चढाई वस्तादाची असायची. त्याला कुणी पकडायचं नाही. वस्तादाने एका दमात समोरची शेवटची रेघ शिवायची आणि परत यायचं, म्हणजे खेळ सुरू झाला. दम पुरला तर वस्ताद आणखी एक वर्ष वस्ताद. तुटला तर पंचाने इतर कोणाही गड्यासारखंच त्याचं नाव पुकारायचं, आणि वस्तादाने जागा दुसऱ्याला देऊन बाहेर यायचं. आण्णांनी सतरा वर्षं ही चढाई केली. पहिल्या काही वर्षांत ते रेघ शिवून परत यायचे आणि उरलेल्या दमात लोकांकडे बघून आणखी चार-सहा हुतूतू म्हणायचे. लोक खदखदून हसायचे. तीस साली, मार्शल लॉच्या वर्षी, त्यांनी ते चार-सहा म्हटले नाहीत. पुढच्या वर्षी परत येताना त्यांचा आवाज रेषेवर विझत आला होता. लोकांच्या ते लक्षात आलं नाही.

खोकला त्याच्या आधीपासून होता. त्याची गंमत अशी, गंमत कसली म्हणा, तो सोमवारी वाढायचा. रविवारी गिरणी बंद. आण्णा वळसंगला जाऊन यायचे, किंवा तळ्यावर पोहायचे, अगदी ठणठणीत. सोमवारी पाळी करून बाहेर आले की छाती आवळलेली, बोलताना दोन शब्दांत अंतर. मंगळवारी थोडं कमी, शनिवारपर्यंत बरे. त्या खात्यातल्या सगळ्यांचंच असं व्हायचं. पण आण्णा सोमवार करायचे. सिद्धरामेश्वराचं दर्शन, दिवसभर कडक उपास. त्यामुळे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं की पोट रिकामं राहतं म्हणून छाती भरून येते. उपासाचा त्रास म्हणजे देवाला पोचलेला त्रास, त्याची तक्रार कसली करायची? आम्हीही मान डोलवायचो. एका वर्षी श्रावणात त्यांनी शनिवारचाही उपास धरला आणि शनिवारी काही झालं नाही. तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माझ्या पडला, खोटं कशाला बोलू. मी तो विझवून टाकला.

दाक्षायणीअक्काने मात्र तो विझवला नाही. आण्णांची बायको. मूलबाळ नाही, घरात दोघंच. तिने नवऱ्याला वैद्याकडे नेलं. वैद्याने नाडी बघितली, पाठीला कान लावला आणि कापूस सोडा एवढंच सांगितलं. आण्णा म्हणाले, बघू. तिने वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला. शेवटी एका सकाळी पूजा चालू असताना तिने त्यांना बोलतं केलं, आणि त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला. जत्रेतल्या पहिल्या चढाईत दम तुटला, आणि पंचाने तसं पुकारलं, तर त्याच आठवड्यात गिरणी सोडायची आणि वळसंगला भावाकडे शेतावर जायचं. नाही तुटला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द आण्णा मोडणार नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पंच मी होतो.

बत्तीस सालची संक्रांत. जत्रेसाठी गिरणी चार दिवस बंद राहिली. सामना ठरला सोमवारी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर. चार दिवस मोकळी हवा खाऊन आण्णा त्या दिवशी पुन्हा कापसात जाणार होते, आणि तिथून थेट मैदानावर.  सोमवार नको, मंगळवार ठेवू, असं मी हिंदुरावला सुचवून पाहिलं. हिंदुराव आमचा नवा म्होरक्या, चढाईत पटाईत, डोक्याने सरळ. त्याने समोरच्या पेठेला निरोप केव्हाच दिला होता, आणि सोमवारी काय बिघडतं ते त्याला कळेना. मलाही सांगता येईना.

त्या सकाळी भोंग्याआधी अक्काने मला दारात बोलावलं. हातावर तिळगूळ ठेवला, तो खाईपर्यंत थांबली. नेहमी ती पुष्कळ बोलायची, अर्धं मराठी अर्धं कानडी. त्या दिवशी तिने मोजकंच सांगितलं.

"तम्मा, आज उसिर तुटला तर तुटला म्हन. माज्या तोंडाकडं बगू नगंस."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी व्हय म्हणालो. मनापासून म्हणालो.

संध्याकाळी मैदानाभोवती दोन-तीनशे माणूस जमलं होतं. हलगी वाजत होती, एका बाजूला बायका उभ्या होत्या. आण्णा आले तेव्हा ऊन उतरलं होतं. भुवयांवर लव तशीच. त्यांनी सदरा काढला, माती कपाळाला लावली आणि रेषेवर आले. माझ्याकडे बघून हसले. ते हसणं ओठांवरच राहिलं, कारण छातीला त्यासाठी वारा नव्हता. त्यांच्या गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. मी हात खाली केला आणि ते निघाले.

जाताना आवाज ठीक होता. जाड, सपाट, नेहमीचा. शेवटची रेघ त्यांनी पायाच्या अंगठ्याने शिवली आणि वळले. वळताना आवाज पातळ झाला. समोरचे गडी मान देऊन बाजूला उभे होते. हलगीवाल्याने हात थांबवला होता, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मधल्या रेषेपासून सात-आठ पावलांवर एक 'हुतूतू' संपला, आणि दुसरा सुरू होण्याआधी मला तो आवाज आला. फटीतून वारा आल्यासारखा. तो मी हजार वेळा ऐकला होता आणि हजार वेळा पुकारला होता. आण्णांनी दम चोरला होता.

पुढची सात-आठ पावलं त्यांनी त्या चोरलेल्या दमावर पुरी केली, रेष ओलांडली आणि माझ्यासमोर उभे राहिले. मांड्यांवर हात टेकून, मान वर करून, माझ्या तोंडाकडे बघत. ते वाट बघत होते. आता मला याची खात्री आहे. तेव्हाही होती.

मला पुकारायचं होतं, चनबसप्पा मेला. दोन-तीनशे माणसांसमोर, संक्रांतीच्या आठवड्यात, त्यांच्या बायकोदेखत.  आई कानांवर हात ठेवून जाताना दिसली. आणि मी बायकांच्या बाजूला बघितलं. बघू नकोस म्हटलेलं असताना बघितलं. अक्का पुढच्या रांगेत होती, पदराचा बोळा तोंडात धरलेला, डोळे ताणलेले. मला वाटलं, ती मनातून म्हणतेय, नको, नको बोलूस. शब्द जर 'बाद' असता तर मी बोललो असतो. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते मलाच खरं वाटत नाही.

"दम पुरा," मी म्हणालो.

हलगी कडाडली. हिंदुरावने आण्णांना उचलून घेतलं. खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, आनंदाने तर नाहीच. जे गिऱ्हाईक खोटं माप बघून काही न बोलता पिशवी उचलतं, ते ज्या नजरेने बघतं, तसं.

चार दिवसांनी मैदानात आम्ही दोघंच होतो. आण्णा माती चाळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सोमवारी नीट ऐकलंस न्हवं, रामहरी?" ही दुसरी संधी होती, आणि यावेळी ना गर्दी होती ना अक्का. मी म्हणालो, "व्हय आण्णा. पुरा ऐकला." ते चाळत राहिले. चाळणी झटकली आणि म्हणाले, "बरं. पंच म्हनंल तेच खरं." दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि ते कापसात गेले.

उन्हाळ्यात ते झपाट्याने खचले. आता मंगळवारही सोमवारसारखा जाऊ लागला, मग शनिवारही. उपासावर ढकलायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी कारण सांगणंच सोडलं. जूनमध्ये खातं सुटलं, त्यांनी सोडलं नाही, ते पडले आणि चौघांनी उचलून घरी आणलं. मी रोज पाळी करून जायचो. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून अक्का त्यांना भिंतीला पाठ लावून बसवायची, मांडीवर गाठोडं ठेवायची आणि त्या गाठोड्यावर डोकं टेकून ते जेमतेम डुलकी काढायचे. शेवटचे दोन महिने ते आडवे झाले नाहीत. त्यांच्या पाठीवर तळवा ठेवून मी बसायचो. खाली भाता फाटल्यासारखी धडपड चाललेली कळायची. एकदा वाटलं सगळं सांगून टाकावं, पण आता सांगून त्यांना काय मिळणार होतं? मला मिळालं असतं, म्हणून सांगितलं नाही.

श्रावणात एका बुधवारी दुपारी ते गेले. लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. त्यांना वेगळं बसवावं लागलं नाही. हातात इष्टलिंग दिलं, कपाळाला भस्म लावलं, आणि हिंदुराव, मी आणि आणखी दोघांनी खांदा दिला. सगळ्या वाटेने मी आण्णांचा श्वास ऐकू येतो का ते ऐकत होतो. वेडेपणाच तो, पण कानाला बारा वर्षांची सवय होती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी अक्का वळसंगला जायला निघाली. थोरल्या दिराची बैलगाडी पेठेच्या तोंडाशी उभी होती. मी सामान बांधू लागायला गेलो. खोली आवरून झाली होती, चार भांडी तेवढी राहिली होती. तिने मला बसायला सांगितलं नाही. तशीच उभी राहून विचारलं, जत्रेच्या सोमवारी त्यांचा दम तुटला होता का?

मी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणालो, "व्हय अक्का. परतताना. सात-आठ पावलं ऱ्हायली हुती."

"नऊ," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिने सांगितलं तेव्हा कळलं. तो आवाज तिने तिथून ऐकला होता. वर्षभर अंथरुणाशेजारी रोज ऐकलेला आवाज तिला गर्दीतही चुकणार नव्हता. तोंडात पदर धरला होता तो हुंदका बाहेर पडू नये म्हणून, कारण ती माझ्या तोंडून तो शब्द येण्याची वाट बघत होती, आणि आला की तिला रडू फुटणार होतं, सुटल्याचं. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिला वाटलं, आता बोलतोय. स्वतः ओरडून सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, पण बाईमाणसाने मैदानात कसं बोलायचं, आणि पंच तर घरचाच आहे, म्हणून ती थांबली.

मी म्हणालो की मला तो शब्द त्यांना लावता आला नाही. ते मोठे होते, माझे गुरू होते, आणि भर मैदानात त्यांना वाईट वाटलं असतं, ते माझ्यावर रागावले असते.

"रागावले असते," अक्का म्हणाली. "लई रागावले असते. तुज्यासंगट जन्मभर बोलले नसते. पर वळसंगला बसून बोलले नसते, तम्मा. जितं ऱ्हाऊन."

 तिने भांडी पोत्यात घातली, वर गाठोडं कोंबलं, सुतळीने तोंड बांधलं, आणि पोतं जड झालंय, हात लाव म्हणाली.